मेहुण्याच्या नावाचं पान

नाही पण मला एक सांगा, जिवंत माणसाच्या नावानं मांडलेलं पितराचं पान जेवायला साऱ्या खान्देशात एक मीच सापडलो होतो का? बरं, मेहुणा खरंच गेलेला असता तर गोष्ट वेगळी. बसलो असतो, दोन घास खाल्ले असते, डोळे पुसले असते, उठलो असतो. पण तो तर ठणठणीत! त्याच सकाळी सुरतेला उधन्यात बसून लोचो, म्हणजे तिकडचा वाफवलेल्या डाळीचा नाश्ता, खात होता, मोबाइलवर फोटो टाकला होता त्यानं, वर हिरवी चटणी, शेव, सगळं, मी माझ्या डोळ्यांनी पाहिला! आणि इकडे सोनगीरजवळ त्याच्या बापाच्या घरात, त्याच्या नावाच्या पानावर, दक्षिणेकडे तोंड करून कोण बसलंय? मी! गिरधर! राहणार दीपनगर कॉलनी! … हसू नका हो. तुम्हाला सांगतो, हसण्यासारखं त्यात मला अजून काही सापडलेलं नाही. पण मी जावई माणूस, मी काय बोलणार!

आखाजीचा दिवस. आखाजी म्हणजे तुमची अक्षय्य तृतीया. तुम्ही त्या दिवशी सोनाराकडे जाता, आमच्याकडे लेकी माहेरी जातात. झाडाला झोके, पोरींची गाणी, खापरावरचे मांडे, आमरस, रशी, कुरडया… आणि त्याच दिवशी, त्याच घरात, गेलेल्या माणसांची घागर भरायची. कोरी मातीची घागर, गार पाणी, वर डांगर ठेवायचं, डांगर म्हणजे आपलं खरबूज. चुलीत घास टाकायचा, आणि बाहेरच्या कुणाला तरी पितर म्हणून पानावर बसवायचं आणि पोटभर जेवू घालायचं. म्हणजे अंगणात झोका वर चाललाय आणि ओसरीत पितर खाली उतरतायत! आमच्या सणांना हसायचं की रडायचं ते कधी नीट ठरलेलंच नाही बघा.

आता माझी सासुरवाडी. सासरे चुडामण आबा. धोतर, टोपी आणि शब्द, तिन्ही कडक. आबांचा थोरला पोरगा नवल. एकाच घरात राहतात, एकाच तांब्यानं पाणी पितात, पण एकमेकांशी बोलत नाहीत! का? तर नवलनं अंगणातल्या निंबाची एक फांदी तोडली. फांदी हो! झाडसुद्धा नाही! तेव्हापासून सगळा कारभार नवलच्या बायकोमार्फत, दिपमालामार्फत. नवल आबांच्या पुढ्यात उभा राहून म्हणणार, "दिपमाला, आबाले सांग, मोटर जळनी." आबा तिथंच, हाताच्या अंतरावर. ते म्हणणार, "दिपमाला, त्याले सांग, मी बहिरा नही शे!" आणि दिपमाला घरात नसली तर? तर म्हशीला सांगतात. खरं सांगतो, मी कानांनी ऐकलंय, म्हशीला दोन्ही बाजूंनी निरोप. म्हैस बिचारी रवंथ करायची थांबून ह्याच्याकडं बघते, त्याच्याकडं बघते. त्या घरात समजूतदार म्हणाल तर ती एकटीच आहे.

दिपमालाचं आणि माझ्या बायकोचं, सारिकाचं, वेगळंच. मांडे भाजायचं खापर कुणाचं, हा त्यांचा वाद. सारिका म्हणते माझ्या आजीचं, दिपमाला म्हणते, "मग घेऊन जायचं होतं ना वरातीत डोक्यावर!" सासूबाई, आमच्या तानुबाई अक्का, मधे बसून मुकाट पुरण वाटतात. मी जावई माणूस, मी ओसरीवर बसून छताचे वासे बघतो.

आणि धाकटा मेहुणा प्रेमराज. घरातला एकच हसरा माणूस! मला "दाजी, दाजी" करत बसस्टँडवर घ्यायला यायचा, फटफटीवर. तर त्यानं तीन वर्षांपूर्वी काय करावं? सुरतेच्या एका फरसाणवाल्याची मुलगी केली. आपल्याच जातीची, आपल्याच बोलीची, सगळं ठीक! पण एकुलती एक. सासऱ्याला मुलगा नाही. तर हा गेला तिकडंच राहायला. घरजावई!

अहो, आबांनी घर डोक्यावर घेतलं. "पोऱ्या मरना तरी चाली, पन घरजवाई नको! जवाईनी काय किंमत ऱ्हास? खाई-पिई सुस्त, अन् कामना नावनी बोंब!" आणि हे कुणासमोर? माझ्यासमोर! माझ्या ताटात वाढता वाढता! मी घास तसाच धरून… गिळू की ठेवू? गिळला. काय बोलणार! आणि मग आबा उठले ते थेट पारावर गेले आणि चारचौघांत बोलून आले, "प्रेमराज आमनाकरता मरना!"

आता असं कोण म्हणत नाही सांगा? रागाच्या भरात बाप म्हणतोच. माझा बाप मला महिन्यातून एकदा म्हणायचा. म्हणायचं, दोन वर्षं धुसफुसायचं, नातवंड झालं की झबलं घेऊन जायचं. रीत आहे ती! पण आमच्या आबांचं पडलं कडक काम. आणि गावात एक मगन आहे. ह्या मगनला काही उद्योग नाही, पारावर बसून काड्या करणं हाच धंदा. हा मगन यंदा उन्हाळ्यात भर पारावर म्हणतो, "आबा, मरना म्हनतस, मंग त्यानी घागर काबर भरत नही?"

सगळे हसले. झालं! आबांनी टोपी सारखी केली आणि म्हणाले, "भरसू. या आखाजीले भरसू."

आणि भरली हो! म्हणजे बघा, एका माणसानं रागात एक शब्द बोलावा, दुसऱ्यानं चेष्टेत एक शब्द बोलावा, आणि तिसऱ्यानं, म्हणजे मी, मरेस्तोवर जेवावं! सारिकाला आबांचा फोन, "आखाजीले बठ्ठा या. पाव्हनास्ले बी लई ये." म्हणजे सगळे या, जावयालाही घेऊन ये. मी म्हटलं, सारिका, हे बरं नाही दिसत, जिवंत माणसाची घागर, अपशकुन असतो. तर ती डोळे पुसत माझ्यावरच, "तुम्ही जावई आहात, तुम्ही बोला ना आबांशी!" वा! मुलगी बोलणार नाही, मुलगा म्हशीशी बोलणार, आणि आबांशी बोलायचं कुणी? परक्या घरच्यानं!

गेलो. दीपनगर ते सोनगीर, आखाजीचं ऊन, गाडी म्हणजे भट्टी. पोचलो तर लाईट गेलेली. मी जन्मभर वीज तयार करण्याच्या जागी राबलो, आणि सासुरवाडीला पाऊल ठेवलं की पंखा बंद! ओसरीत घागर मांडलेली. कोरी, लालभडक. वर डांगर. शेजारी प्रेमराजचा फोटो, त्याच्या कॉलेजातला, हसणारा. फोटोला हार नव्हता. आबा दिपमालाला म्हणाले, "हार?" तर अक्का आतून म्हणाल्या, "फुलं संपनीत." अहो, परड्यात झेंडू नुसता माजलेला! पण आबांनी हार पुन्हा मागितला नाही.

आणि तेवढ्यात सगळ्यांचे मोबाइल हळूच वाजले. टुंग, टुंग, टुंग! प्रेमराजनं दुसरा फोटो टाकलेला. त्याची पोरगी, दीड वर्षाची, झोक्यात बसवलेली, खाली लिहिलंय, "आखाजीना बठ्ठास्ले शुभेच्छा!" नवल भिंतीकडं तोंड करून बघतोय, दिपमाला पदराआड बघतेय, सारिका तर उठलीच आणि अक्कांना घेऊन गोठ्यात गेली. त्या बाईनं नातीला हातात घेतलेलं नाही हो अजून. सारिका जाते तेव्हा म्हशीच्या आडोशाला उभं राहून मोबाइलवर बघतात, काचेवरून बोट फिरवतात, आणि फोटो पुढं सरकला की घाबरतात. त्या दोघी परत आल्या तेव्हा अक्कांचे डोळे लाल. आबा म्हणाले, "काय व्हयनं?" अक्का म्हणाल्या, "चुलना धूर." चूल अजून पेटलेलीसुद्धा नव्हती!

मग पानावर बसायला माणूस शोधा. आबांनी अख्खं गाव पालथं घातलं. जीवराम नाना म्हणाले, "जित्ता मानूसना पान मी नही लेवाव, आबा. माले मन्ही काळजी शे." दुसरा म्हणाला, उपास आहे. आखाजीला कसला उपास! आणि तो मगन? ज्यानं काडी लावली तो? त्याचं सकाळीच पोट बिघडलं! आता राहिलं कोण? नवल भाऊबंद, तो चालत नाही. पितर बाहेरच्या कुळातला हवा. घरात असून बाहेरचा… आबांनी हळूहळू मान वळवली. मी वाशांकडं बघत होतो. खूप वेळ बघत होतो. पण किती वेळ बघणार!

"पाव्हना, बसा."

मी म्हटलं, "आबा, मला शुगर आहे." खरंच आहे हो! डॉक्टर म्हणालेत, आंब्याकडं बघा, खाऊ नका. आबा म्हणाले, "पितरले शुगर नही ऱ्हास." मी सारिकाकडं बघितलं, ती डोळ्यांनी म्हणाली, बसा, नाहीतर इथं महाभारत होईल. बसलो. आबांनी माझे पाय धुतले, कपाळाला गंध लावलं, चुलीत घास टाकला, धूर झाला. आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "ये, प्रेमराज." अंगावर काटा आला. भर उन्हात, घामाच्या धारा, आणि काटा!

आता रिवाज असा, की पितर जेवायला बसला की घरच्यांनी त्याच्याशी बोलायचं. काही राहिलं असेल, चुकलं असेल, ते सांगायचं. आणि शेवटी घरच्या कर्त्यानं विचारायचं, "धापना का?" म्हणजे पोट भरलं का, तृप्त झालास का? पितर म्हणणार, "धापनू." की झालं, पितर गेला आपल्या वाटेनं. मग घरातल्यांनी जेवायचं. तो म्हणत नाही तोवर घरात कुणी घास तोंडात घालायचा नाही!

पहिला नवल आला. मला वाटलं, नमस्कार करील आणि जाईल. तो मांडी घालूनच बसला! "तू गया सुरतले, मजा शे तुनी. आठे तुना वाटानं काम बी माले, अन् तुना वाटानी शिवी बी माले! म्हातारा माले एक शबद बोलत नही. तुनी फटफटी मात्र दर रविवारले पुसतस. माले हात बी लावू देत नही!" आबा मागं उभे. आबांनी घागरीकडं तोंड फिरवलं आणि डांगर सरळ केलं, ते सरळच होतं. मी काय करणार? मी प्रेमराज! मी मांड्याचा तुकडा मोडला आणि मान खाली घातली.

मग दिपमाला. "भाऊजी, मेलात ते मेलात, पण धाकट्या जावेनं माझ्या पाया पडायचं राहिलंय, ते बघा जरा!" आता मेलेल्या माणसानं ते कुठून बघायचं? मग सारिका. माझी बायको, माझ्यासमोर बसली, माझ्या डोळ्यांत बघून रडायला लागली, "मागच्या वर्षीची राखी मिळाली का रे? पोस्टानं पाठवली होती…" आणि थांबली. कारण राखी पाठवायची नाही असं आबांनी बजावलेलं! तिनं पदर तोंडात कोंबला. आणि आबा? आबा म्हणाले, "वाढा त्याले." बस. एवढंच.

अक्का वाढत होत्या. त्या काही बोलल्याच नाहीत. मांडा, वर तूप, आमरस, पुन्हा मांडा. मी पितर असलो म्हणून काय, पोट तर जावयाचंच! शेवटी आबा समोर बसले आणि म्हणाले, "धापना का?"

तुम्हाला सांगतो, शब्द माझ्या ओठावर आलेला. ध… एवढा निघालासुद्धा असेल. आणि माझी नजर अक्कांकडं गेली. चुलीपाशी उभ्या, हातात तुपाची वाटी, आणि अशा बघत होत्या माझ्या तोंडाकडं… आपल्या पोराला डॉक्टरनं आत नेलं म्हणजे बाई दाराकडं बघते ना, तशा. मला तेव्हा कळलं हो, मी काय म्हणणार आहे ते! मी धापनू म्हटलं म्हणजे प्रेमराज पितर झाला. सुटला, गेला. मग कोण त्याला घरी बोलवायचं नाव काढणार? "त्यानी घागर भरेल शे," म्हणून आबा दार लावणार ते कायमचं. इतकी वर्षं मी त्या घरात तोंड उघडलं नाही, आणि उघडायची वेळ आली ती अशी! मी म्हटलं, "नही."

आबांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "धापना का?"

"नही धापनू."

नवलनं माझ्याकडं असं बघितलं, की ह्याला खाऊ की आमरस खाऊ! सकाळपासून उपाशी तो. आबा म्हणाले, "वाढ." अक्कांनी वाढलं. मी खाल्लं. "धापना का?" "नही." "वाढ." आता हे कुठवर चालणार? अंगणात झोक्यावरच्या पोरी गाणी सोडून दारात येऊन उभ्या. दिपमाला कुजबुजते, "नणंदेकडची माणसं नुसती खादाड!" सारिका मागून, "अहो, तुमची शुगर! अहो, म्हणून टाका ना!" आणि मी? घाम फुटलेला, डोळ्यापुढं काजवे, पुरण घशाशी आलेलं, आणि मी खातोय! आबाही हटेनात. तेही समोर बसलेले, ओठ कोरडे, त्यांच्याही पोटात पाणी नाही. मला वाटलं, म्हातारा आता म्हणेल. आता म्हणेल, जाऊ द्या, उचला ती घागर, लावा फोन त्याला. एक शब्द हो! मी तेवढ्यासाठीच खात होतो. त्यांनी घागरीकडं बघितलं, फोटोकडं बघितलं, तोंड उघडलं, आणि म्हणाले, "वाढ."

मग माझ्या हातातून घास पडला. उचलताच येईना. डोळ्यापुढं अंधारी. आणि पाठीवर हात आला. अक्का. वाटी खाली ठेवून माझ्यामागं बसलेल्या. पान मांडल्यापासून त्या पहिल्यांदाच बोलल्या. "बस कर बापा. म्हन. धापनू म्हन. तुले कोठे बी राहू दे, चांगला राहू दे. म्हनी टाक."

आता हे त्या मला म्हणाल्या की त्याला, ते मला आजवर कळलेलं नाही. मला कधी त्या "तू" म्हणालेल्या नाहीत. पण त्यांनी स्वतः म्हटल्यावर मी कुणासाठी खाणार? मी म्हटलं, "धापनू." आवाज असा निघाला, माझाच मला ओळखू आला नाही.

आबा म्हणाले, "बरं." उठायला पाहिजे होतं त्यांनी, उठले नाहीत. माझ्याकडं बघत राहिले, आणि अगदी हळू विचारलं, "पुरन गोड व्हतं का रे?" मी म्हटलं, "व्हतं, आबा." त्यांनी मान हलवली. मग गेले मागच्या अंगणात, फटफटीपाशी, जेवायला आलेच नाहीत. आम्ही कुणी बोलवायलाही गेलो नाही. कोण जाणार? नवल तर तुटून पडला होता, दुसरा मांडासुद्धा आमरसात बुडालेला. मला सारिकानं धुळ्याला दवाखान्यात नेलं, सलाईन लावली. डॉक्टर विचारतात, इतकं का खाल्लंत? काय सांगू? मेहुणा मेला नव्हता म्हणून?

दुसऱ्या दिवशी प्रेमराजचा फोन. सारिकानं सगळं सांगितलेलं त्याला. हसत होता, "दाजी, मन्हं जेवन तुम्हले बाधनं म्हने!" मग म्हणाला, "अक्का रडनी का?" मी म्हटलं, नाही रे. तो म्हणाला, "बरं." मग नुसता फरसाण तळायचा आवाज. मग फोन बंद. तेव्हापासून त्यानं कसलाही फोटो टाकलेला नाही. मी रोज बघतो.

आणि तुम्हाला वाटलं, संपलं? अहो, त्यांच्यात नियम आहे, ज्यानं पहिलं पान घेतलं त्यानंच दर आखाजीला बसायचं! आबांनी निरोप पाठवला, दिपमालामार्फत. मी ठरवलं होतं, ह्या वेळी बोलायचं. जावई असलो म्हणून काय झालं, स्पष्ट सांगायचं, जमणार नाही! बायकोलाही सांगितलं, तिनं मान हलवली. आणि परवा अक्कांचा फोन. स्वतःहून! कधी करत नाहीत हो, बटण कुठलं दाबायचं ते कळत नाही त्यांना. म्हणाल्या, "जवाईबापू, येशात ना पुढला सालले? तेवढाच मना पोऱ्या घर जेवस." मग म्हणाल्या, त्याचा निळा शर्ट आहे पेटीत, तो घालून बसाल का. मी म्हटलं, "अक्का, तो काडीसारखा, मी हा असा, मला कसा व्हायचा तो?" तर म्हणतात, "दोन्ही बाजूथून उसवी ठेयेल शे. तुम्हनं पोटनं माप सांगा."

सारिका टेप घेऊन उभीच होती. मी हात वर केले.

बेचाळीस.